हे वहीत लिहायचं का मॅडम?

बीएडचं पाठ टाचण, म्हणजे तास कसा घेणार त्याचा आधी लिहायचा आराखडा, ज्यांनी लिहिलंय त्यांना तो रकाना माहीत असेल. डावीकडे शिक्षक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती, आणि फलकलेखनाला वेगळी जागा. शिक्षक कृतीत आपण काय विचारणार ते लिहायचं, ते ठीक आहे, पण विद्यार्थी कृतीत पोरं काय उत्तर देणार तेही आदल्या रात्रीच लिहायचं असतं, पूर्ण वाक्यात, ते नसेल तर टाचणावर सही होत नाही आणि सही नसेल तर पाठ घेता येत नाही. शाळा मुलांना स्वतंत्र विचार करायला शिकवते की सगळ्यांना एका साच्यात घालते, यावर मी कॉलेजमध्ये वादविवाद स्पर्धेत दोन्ही बाजूंनी बोललेय. पण त्याचं खरं उत्तर मला नागपुरात बीएड करताना या रकान्यापासून कळायला लागलं, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

मी नागपूरचीच, मराठी आणि इतिहास घेऊन बीए केलं, मग मराठीत एमए, आणि नंतर नंदनवनकडे एका खाजगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला शिकवत होते. क्लासमध्ये सगळं नोट्सवर. मुलानं काही वेगळं विचारलं की "हे पेपरमध्ये येत नाही" एवढं सांगून पुढं जावं लागायचं, कारण पोर्शन लवकर संपवला हीच क्लासची जाहिरात असते. मला वाटायचं शाळेत तरी असं नसेल, शाळेकडे वेळ असतो, वर्षभर तीच पोरं समोर असतात. म्हणून बीएडची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालंय आणि त्यात दोन्ही वर्षं मिळून २० आठवडे शाळेत जायचं असतं. माझ्या अध्यापन पद्धती मराठी आणि इतिहास. आमच्या बॅचमध्ये मुली जास्त, उमरेड, काटोल, भंडाऱ्याहून रोज बसनं येणाऱ्या पण, आणि बहुतेकजणी खरंच शिक्षिका व्हायचं म्हणून आलेल्या.

पहिल्या वर्षी सुरुवात सूक्ष्म अध्यापनानं, म्हणजे अगदी छोट्या सराव पाठांनी होते. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली आणि आपल्याकडे तिचं ३६ मिनिटांचं चक्र ठरलंय, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग ६ मिनिटं परत पाठ आणि ६ मिनिटं परत प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, प्रस्तावना, स्पष्टीकरण, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणं), प्रबलन (उत्तराला शाबासकी देणं) असं. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी बसतात. आता त्यांना माहितीये की माझा पाठ सहा मिनिटात बसला पाहिजे, तर त्या मी लिहिलेलंच उत्तर देणार, आणि मी त्यांच्या वेळी तेच करणार, त्यात गैर काहीच नाही, मैत्रिणीला मदतच करतो आपण. पण होतं काय की पहिले कित्येक आठवडे आपण अशा वर्गात शिकवतो जिथं कोणीच आपल्याला न अपेक्षिलेलं काही बोलत नाही. आणि प्रबलनाच्या निरीक्षण तक्त्यात "छान", "बरोबर", मान हलवणं, उत्तर फळ्यावर लिहिणं याच्या टॅली मारतात, त्या सगळ्या बरोबर उत्तरासाठी. चुकलेलं पण विचार करून दिलेलं उत्तर आलं तर काय, त्याला तक्त्यात जागा नव्हती.

त्यातल्या त्यात मला आवडलं ते सखोल प्रश्नांचं कौशल्य. त्यात मुलाच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारायचा, तोच प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, तू असं का म्हणतोस ते काढून घ्यायचं असं असतं, आणि ते मनापासून केलं तर वर्ग खरंच जागा होतो. ते कौशल्य बीएडमध्ये आहे हे मी मुद्दाम सांगतेय, कारण बीएडमध्ये काहीच नसतं असं सरसकट बोललं जातं आणि ते मला पटत नाही. अडचण एवढीच की मैत्रिणीच्या ठरलेल्या उत्तरातून पुढं काढण्यासारखं काही उरत नाही.

थिअरीचे पेपर मी फार मन लावून वाचले. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन, त्यात शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवायला शक्यतो त्यांच्यातलेच शिक्षक हवेत हे म्हणणं, ब्राझीलचे पाउलो फ्रेअरी आणि त्यांचं ते म्हणणं की शिक्षक बँकेत पैसे टाकावे तसं मुलांच्या डोक्यात ज्ञान टाकत राहतो. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालचा २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, त्यात घोकंपट्टीपासून दूर जायचं, शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडायचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, मुलाला भीती आणि चिंतेपासून मुक्त ठेवणं आणि आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करणं असं त्यात स्पष्ट आहे, २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आणि परीक्षेत काय आलं, तर फ्रेअरींचे शैक्षणिक विचार स्पष्ट करा. सिनियरकडून आलेल्या नोट्समध्ये त्याचे ठरलेले मुद्दे होते, तेच मुद्दे त्याच क्रमानं सगळ्यांनी लिहिले आणि सगळ्यांना जवळपास तेवढेच मार्क पडले. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. हा माणूस जे करू नका म्हणून आयुष्यभर सांगत राहिला तेच आम्ही त्याच्या नावानं केलं.

सेवाग्रामची भेट पण झाली. नागपूरहून फार लांब नाही, आणि गांधीजींची नई तालीम जिथं उभी राहिली ती जागा बघायलाच हवी असं मला आधीपासून वाटत होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, मग झाकिर हुसेन समिती झाली, हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथून देशभर गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या शाळेतली पोरं बागेतल्या भाजीचं वजन करून वहीत मांडत होती आणि एक मुलगी आम्हालाच विचारत होती की तुमच्या शाळेत भाजी कोण लावतं. आम्ही शिक्षक होणार होतो आणि ती आठ-नऊ वर्षांची, तरी तिला आम्हाला प्रश्न विचारताना काही वाटलं नाही. परत आल्यावर अहवाल लिहायचा होता, उद्दिष्टे, निरीक्षणे, निष्कर्ष या साच्यात, आणि निष्कर्ष फळ्यावर लिहून दिले होते. मी त्या मुलीचा प्रश्न निरीक्षणात लिहिला होता, तो खोडला गेला नाही, पण त्यावर कोणी बोललंही नाही.

मग दुसऱ्या वर्षी मोठी इंटर्नशिप. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जून संपता संपता उघडतात, तेव्हापासून आम्ही एका अनुदानित मराठी शाळेत. पारडी-कळमन्याकडची शाळा, बरीच पोरं कळमना मार्केटमध्ये हमाली करणाऱ्यांची, ऑटोवाल्यांची, काहींच्या आया मिरचीचे देठ तोडायला जातात. वर्गात साठच्या वर पोरं. तिथले आमचे मार्गदर्शक सर इतिहासाचे, रिटायरमेंटला आलेले, बोलायला कमी पण माणूस फार चांगला.

आठवीच्या इतिहासात पहिलाच धडा इतिहासाची साधने. भौतिक साधनं, लिखित, मौखिक. माझ्या टाचणात विद्यार्थी कृतीत होतं, "पोवाडे हे इतिहासाचे मौखिक साधन आहे." मी प्रश्न विचारला, दोन मुलींनी ते उत्तर दिलं, सगळं बरोबर चाललं होतं, आणि मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, पोवाडा म्हणनाऱ्याले पैसे तं राजाच देत असंन न, मंग राजा हारला असंन तरी तो कसा सांगन?"

इतिहासाच्या अभ्यासकाला जो प्रश्न पहिला पडायला पाहिजे तो या पोरानं आठवीत विचारला. मी पुढचं टाचण बाजूला ठेवलं आणि तो प्रश्न वर्गाला दिला. मग काय, एकानं सांगितलं की ताम्रपट पण राजाच देतो, दुसरी म्हणाली की मग हरलेल्याकडचं पण वाचायला पाहिजे, एक जण म्हणाला दोघांकडचं वाचून जे दोघं सांगतात ते खरं धरायचं, आणि त्यावर तिसरीनं विचारलं की दोघांनीही खोटं सांगितलं असेल तर. आवाज झाला, हो झाला. तास संपेपर्यंत मी समारोपापर्यंत पोचले नाही, स्वाध्याय दिला नाही. निरीक्षणाला कॉलेजमधून आलेल्या मॅडमनी शेरा लिहिला की वर्गनियंत्रण सुटले, उद्दिष्टापासून विचलन, समारोप नाही. त्या मॅडम वाईट नव्हत्या, बाहेर येऊन मला म्हणाल्या पण, पोरं छान बोलत होती गं, पण तक्त्यात मी हे कुठं लिहू.

त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत विचारलं, तुला हे कुठून सुचलं. तो म्हणाला आजोबा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरून पुस्तकं आणतात आणि रात्री वाचून दाखवतात, "आजोबा म्हनते, लिवनारा कोन हाय ते आधी पाहाचं." १९५६ च्या १४ ऑक्टोबरला जे झालं त्याची ही अशी तिसरी पिढी, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही हे ज्या घरात रोज बोललं जातं. म्हणजे तो विचार शाळेत यायच्या आधीच घेऊन आला होता. आणि पुढं त्यानं जे विचारलं ते मी विसरूच शकत नाही. म्हणाला, "मॅडम, हे वहीत लिहाचं का?" मी म्हटलं लिही की. तर म्हणे, "पन सर वही तपासतीन न."

तेव्हापासून मी लक्ष ठेवायला लागले आणि हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू यायला लागला. पोरं बोलतात, भांडतात, वर्गात एकाहून एक सांगतात, आणि मग विचारतात की वहीत काय लिहायचं. त्यांच्या मनात हे अगदी पक्कं आहे की डोक्यात येतं ते वेगळं आणि वहीत जातं ते वेगळं. मी पाचवीच्या वर्गावर बदली तासाला जायची तिथं हे कमी होतं, तिथं पोरं काहीही लिहून मोकळी, चित्रं काढून ठेवायची. सातवी-आठवीपर्यंत ते बंद होतं. मला वाटायचं की शाळेत पोरांचा विचारच खुंटतो, तर तसं नाहीये, विचार चालूच असतो, फक्त तो शाळेच्या कागदावर येणं थांबतं.

दहावीच्या मराठीत हे सगळ्यात जास्त दिसलं. आता भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते, त्यात स्वमत म्हणून प्रश्न असतात, उताऱ्यातल्या एखाद्या मुद्द्यावर तुमचं मत लिहा. कल्पना फार चांगली आहे, ज्यांनी आणली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. सरांनी मला सराव परीक्षेचा गठ्ठा तपासायला मदतीला घेतलं. झाडं आणि माणूस यांच्या नात्याबद्दल मत विचारलं होतं. पहिला पेपर वाचला, "वृक्ष हे मानवाचे जिवलग मित्र आहेत. ते आपल्याला प्राणवायू, फळे, फुले व सावली देतात. परंतु मानव स्वार्थापोटी..." दुसरा पेपर, तेच. तिसऱ्यात "स्वार्थापोटी" चं "स्वार्थासाठी" झालेलं. गाईडमधून पाठ केलेलं स्वतःचं मत. त्या गठ्ठ्यात एका पोरानं लिहिलं होतं की आमच्या गल्लीतला कडुनिंब रस्ता रुंद करताना तोडला, आता उन्हाळ्यात बाबा दुपारी ऑटोतच झोपतात कारण घरात पत्र्याखाली झोपता येत नाही. दोन-तीन ओळी, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं. मी सरांना दाखवलं. सरांनी वाचलं, बराच वेळ पेपर हातात धरून बसले, आणि मला विचारलं, "याले किती देता?" मुद्दे बघायचे तर गाईडवाल्याचे चार आणि याचा एक. शेवटी सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले, पण म्हणाले की बोर्डात कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही मॅडम, म्हणून मी वर्गात गाईडच लिहून देतो.

मग सर बरंच बोलले त्या दिवशी. म्हणाले, "हे पाहा, मी वही तपासतो ते पोराकरता कमी आणि तपासणीकरता जास्त. तपासणीले येणारा पाहते की सगळ्यायच्या वह्या पूर्ण हाय का, एकसारख्या हाय का. एकाच्या वहीत वेगळं दिसलं तं मले विचारन, मग मुख्याध्यापकांले विचारन, मुख्याध्यापकांले संस्था विचारन. तुमच्या टाचणाचं बी तसंच हाय न?" तसंच होतं. माझा रकाना आणि त्या पोराची वही एकच गोष्ट होती, वरचा बघणार म्हणून आधीच भरून ठेवायची. कोणाला स्वतंत्र विचार नको असतो असं मला कुठंच दिसलं नाही, त्या शाळेत तर अजिबात नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या वरच्यानं विचारू नये एवढंच हवं असतं, आणि ही साखळी खाली येत येत सगळ्यात शेवटी बाकावरच्या पोरावर येऊन थांबते, त्याच्या खाली कोणीच नाही.

आणि सरांनी २०१९ ची आठवण सांगितली. त्या वर्षी दहावीला नवा अभ्यासक्रम, कृतिपत्रिका, आणि भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० मार्क काढून टाकले होते. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता तो ७७.१० वर आला, आणि आपला नागपूर विभाग राज्यात सगळ्यात खाली, ६७.२७. पुढच्या वर्षी ते २० मार्क परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. सर म्हणाले त्या वर्षी नापास झालेली पोरं आमच्याच शाळेची होती, सिव्हिल लाइन्ससारख्या सुखवस्तू भागातली नव्हती. परीक्षा एका रात्रीत बदलते, वर्ग बदलत नाही, आणि मधल्या मध्ये ज्याच्या घरी शिकवायला कोणी नाही तो पडतो. हे ऐकल्यापासून "परीक्षेत विचार करायला लावणारे प्रश्न टाका म्हणजे झालं" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. आधी वर्गात वर्षानुवर्षं विचारू द्या, लिहू द्या, मग परीक्षेत विचारा.

पोळ्याच्या आसपास मी सरांकडून आठवीचे दोन तास मागून घेतले. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते हे सगळ्यांना माहीत आहेच, काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे. ज्याचा राग आला त्याचा बडग्या करायचा, महागाईचा करा, पुढाऱ्याचा करा, आणि इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत शहराबाहेर न्यायचा. आपल्या शहराला बोलायची सवय सव्वाशेहून जास्त वर्षांपासून आहे. मी पोरांना म्हटलं तुमचा बडग्या कशाचा, आणि का. पहिल्या फेरीत सगळ्यांचं सारखं, भ्रष्टाचार, प्रदूषण, मोबाईल, निबंधातलेच विषय. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं की आता तुमच्या घरचा सांगा, तुमच्या गल्लीचा.

मग आलं. खोदून ठेवलेला रस्ता आला, टँकर आला, आणि दारू आली तेव्हा वर्ग शांत झाला. एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिनं लिहिलं की माझा बडग्या मिरचीच्या काट्याचा. काटा म्हणजे वजनकाटा. आई दिवसभर मिरचीचे देठ तोडते, पैसे किलोवर मिळतात, आणि काटा मालकाचा असतो. आईच्या हाताची रात्रभर आग होते म्हणून ती हात खोबरेल तेलात बुडवून बसते आणि कणीक मीच मळते. आणि मग एक वाक्य, की मला गणितात वजन-मापं येतात पण आईच्या काट्यावर मला वजन बघू देत नाहीत. एवढं लिहून माझ्याकडे आली आणि विचारलं, मॅडम हे वहीत लिहू की फेकून देऊ.

तिची आई पालकसभेला आली तेव्हा मी तिला हे कौतुकानं सांगितलं, पोरगी किती विचार करते, किती छान लिहिते. त्या बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी हुशार हाय मले मालूम हाय. विचार ते करनच पुढं. पन दहावी नाही निंगाली तं तिचा मामा लगनाचं पाहून राह्यला. तुमी तिले पास होयाचं सांगा." याच्यावर माझ्याकडे काय उत्तर असणार. ज्यांच्या घरी दोन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना "मार्क महत्त्वाचे नाहीत" म्हणणं सोपं आहे. या आईसाठी ठरलेलं उत्तर पाठ करणं म्हणजे पोरीची चार-पाच वर्षं वाचवणं आहे आणि ते ती बरोबरच म्हणते. म्हणून मी शाळेतल्या शिस्तीच्या, गणवेशाच्या, रांगेच्या, पाठांतराच्या सरसकट विरोधात नाही. पाढे पाठ पाहिजेत, सनावळ्या पाठ पाहिजेत, साठ पोरांच्या वर्गात काही गोष्टी सगळ्यांनी एकसारख्या केल्याशिवाय तासच होत नाही. पण ती मुलगी पास व्हावी आणि तिचा काटा पण वहीत राहावा, हे दोन्ही एकाच शाळेत का होऊ नये? मला तेच पाहिजे.

वेगळं काही करायचं म्हटलं तर त्याचाही साचा होतो हे पण मी पाहिलं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून ज्ञान घडवतं या विचारावर, खूप चांगलं काम केलं, राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले, आणि २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. आमच्या बॅचमधली एक मैत्रीण आधी ग्रामीण भागातल्या शाळेत मानधनावर होती, ती सांगायची की त्यांच्याकडे ज्ञानरचनावाद म्हणजे फरशीवर तक्ते रंगवायचे असंच सगळ्यांनी धरलं, शेजारच्या शाळेत होते तेच आकार, तेच रंग, कारण बघायला येणारे फरशी बघायचे. मूळ शाळांमध्ये शिक्षकांनी स्वतः डोकं लावून ते शोधलं होतं, तो भाग कुठं पोचलाच नाही.

शेवटी परीक्षा पाठ. बाहेरून परीक्षक येतात. त्याच्या आदल्या दिवशी त्याच वर्गावर त्याच पाठाची तालीम करून घ्यायची अशी पद्धत आहे, कोण कोणतं उत्तर देणार हेही ठरलेलं असतं, आणि पोरं आपल्या मॅडमला मार्क मिळावेत म्हणून फार प्रेमानं ते करतात. मी तालीम केली नाही. टाचणात विद्यार्थी कृतीचा रकाना भरलाच, सही हवी होती, पण एका प्रश्नापुढं लिहिलं, "विद्यार्थी आपापली मते सांगतील, मते फळ्यावर लिहिली जातील." सही करताना मॅडमनी विचारलं नक्की का, मी म्हटलं नक्की. परीक्षक सर वयस्क होते, पाठ झाल्यावर त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की इथं काहीच आलं नसतं तर काय केलं असतं. मी सांगितलं की मग थांबले असते, अर्धा मिनिट गप्प राहिले असते, पोरं बोलतात. मार्क फार नाही पडले पण वाईटही नाही पडले, मैत्रिणींच्या आसपासच.

आता मी एका दुसऱ्या शाळेत तासिका तत्त्वावर आहे. कायम नोकरीसाठी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आणि मग टीएआयटी ही अभियोग्यता चाचणी, ते १२० मिनिटांत २०० प्रश्न, दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडायचा, तयारी चालू आहे. रोज सकाळी मी एकच पर्याय निवडायचा सराव करते आणि अकराला वर्गात जाऊन पोरांना म्हणते की याचं एकच उत्तर नाहीये. ते सोपं जात नाही.

वर्गात मी एकच गोष्ट केलीय, आणि ती मुख्याध्यापिका बाईंना आधी सांगून, लेखी परवानगी घेऊन केलीय. इतिहासाच्या वहीची शेवटची पानं पोरांची. तिथं धड्यातला कोणताही प्रश्न, शंका, न पटलेलं काहीही लिहायचं, त्यावर लाल पेन चालत नाही, शुद्धलेखन तपासत नाही, तपासणीत ती पानं पूर्ण आहेत का हे कोणी बघणार नाही. मी वाचते आणि खाली पेन्सिलनं एक प्रश्न लिहून परत देते. बाईंची अट होती की पुढची पानं पूर्ण पाहिजेत, ते मला मान्य आहे, मिरचीच्या काट्याचं लिहिणाऱ्या त्या मुलीच्या आईचीही तीच अट होती. सुरुवातीला बरीच पानं कोरी आली. काहींनी धड्याखालचे स्वाध्याय प्रश्नच परत उतरवले. मग हळूहळू एकेक यायला लागलं, एकानं विचारलं की १८५७ च्या वेळी नागपुरात काय झालं ते आमच्या घराजवळ कुठं बघायला मिळेल, एकीनं विचारलं की लढायांमध्ये स्वयंपाक कोण करायचं आणि त्यांची नावं का नाहीत. अजूनही वर्गातली निम्मी पोरं तिथं काही लिहीत नाहीत आणि मी त्यांच्या मागे लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. घटक चाचणीत मी असा एक मोकळा प्रश्न टाकला, दोन मार्कांचा, आणि ठरवलं की एक मार्क धड्यातल्या माहितीचा आणि एक मार्क स्वतःचं कारण दिलं त्याचा, मग ते कारण मला पटो न पटो. पेपर वाटल्यावर एका मुलाच्या वडिलांनी येऊन विचारलं की माझ्या पोराचं उत्तर पुस्तकाप्रमाणे आहे तरी एकच मार्क का. मी समजावून सांगितलं, दुसऱ्या एका पोराचं उत्तर नाव झाकून वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग हे आधी सांगायचं होतं, याची तयारी कशी करायची ते लिहून द्या. पुढच्या चाचणीच्या आधी मी पोरांना फळ्यावर दोन मार्क कसे पडतात ते लिहून दाखवणार आहे, नमुना उत्तर मात्र देणार नाही, आणि त्या वडिलांना पण तेच सांगून ठेवलंय.